पिनच्या तिसऱ्या चौकटीतील तूट : वाघछाप पोस्टकार्डांवरील मुद्रणदोषांच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, सांगली

गणपती पेठेतील एका जुन्या हळद पेढीच्या माडीवर ठेवलेले पोस्टकार्डांचे गठ्ठे आज प्रथमच हाताळायला मिळाले. वाई, कराड, निजामाबाद, दुग्गिराळा, इरोड, सेलम अशा हळदीच्या बाजारांतून या पेढीला रोजचे भाव आणि मालाची खबर पोस्टकार्डावर येत असे. टेलिफोनची ट्रंक लाइन लागेल तेव्हा लागेल, कार्ड मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी हातात पडतेच, असा त्या काळचा हिशेब होता. पेढीच्या मालकांनी मजकुराची नक्कल करायची नाही आणि कोणाचेही नाव बाहेर जाऊ द्यायचे नाही, या दोन अटींवर गठ्ठे दर आठवड्याला एक याप्रमाणे घरी नेण्याची परवानगी दिली. त्या अटी या नोंदींनाही लागू राहतील.

हेतू असा आहे. १५ पैशांच्या, वाघाचे चित्र असलेल्या पोस्टकार्डावर छपाईतले कोणते दोष पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात, हे ठरवायचे. संग्राहकांच्या हाती सहसा एखाद-दुसरे कार्ड येते. त्यावर काही विचित्र दिसले की ते ‘व्हरायटी’ म्हणून विकले जाते आणि दुसरे तसे कार्ड कोणी पाहिले आहे का, हे विचारायचे राहूनच जाते. इथे एकाच पत्त्यावर आलेली, एकाच मोलाची, तारखांचे शिक्के असलेली कार्डे शेकड्यांनी उपलब्ध आहेत. अशी सामग्री पुन्हा मिळणार नाही.

२१ जानेवारी

मोजणी पूर्ण झाली. १५ पैशांची कार्डे १,८६२ आहेत आणि शिक्के वाचता येतात तिथवर ती १९८४ ते १९८९ या वर्षांतली आहेत. यांपैकी २१४ कार्डे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजलेली आहेत. त्या वेळी ती खालच्या फडताळात होती, आणि कृष्णेचे पाणी पेठेत शिरले तेव्हा पेढीवाल्यांनी आधी वह्या वाचवल्या, ते योग्यच झाले. भिजलेली कार्डे वेगळ्या खोक्यात ठेवली आहेत. ती टाकून द्यायची नाहीत, पण त्यांच्यावरून कोणताही निष्कर्ष प्रथम काढायचा नाही, असे ठरवले.

साधने साधीच आहेत : दहा पट मोठे दाखवणारे भिंग, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी, १२०० डीपीआयचा (इंचाला १२०० बिंदू टिपणारा) सपाट स्कॅनर आणि एक टेबलदिवा. स्कॅनरच्या काचेवरील धुळीचा कण प्रत्येक चित्रात त्याच जागी पांढरा ठिपका उमटवतो आणि तो हुबेहूब मुद्रणदोषासारखा दिसतो. म्हणून दर कार्ड एकदा सरळ आणि एकदा उलटे फिरवून स्कॅन करायचे. ठिपका कार्डाबरोबर फिरला तर तो कार्डाचा, काचेबरोबर राहिला तर काचेचा.

२८ जानेवारी

आजचा सगळा दिवस भिजलेल्या गठ्ठ्यात गेला. प्रथम दोष काढायचे नाहीत असे ठरवूनही मी त्या गठ्ठ्याकडे वळलो, कारण वरच्याच कार्डाच्या मजकुराच्या बाजूवर वाघाच्या चित्राची उलटी, आरशातल्यासारखी छाप दिसत होती. छापखान्यात ओल्या शाईचे कागद एकमेकांवर पडले की खालच्या कागदाची छाप वरच्याच्या पाठीवर उमटते. छपाईवाले याला सेटऑफ म्हणतात. संग्राहकांत अशा कार्डांना मागणी असते. पण पुरात दाबून बसलेल्या गठ्ठ्यातही एका कार्डाची शाई दुसऱ्याला लागू शकते, आणि हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले नाहीत तर कामाचा पायाच कच्चा राहील.

वेगळे ओळखण्याची एक खात्रीची वाट सापडली. छापखान्याची शाई तेलात कालवलेली असते. ती एकदा वाळली की पाण्यात सुटत नाही. फाउंटन पेनची शाई आणि पेढीच्या रबरी शिक्क्याची जांभळी शाई मात्र पाण्यात लगेच सुटते. त्यामुळे कार्ड पुरात भिजून शेजारच्या कार्डाला चिकटले असेल, तर सर्वांत आधी त्या कार्डावरील हस्ताक्षर आणि जांभळा शिक्का उलटा उमटायला हवा. मी भिजलेल्या कार्डांतील उलट्या छापांची एकेक तपासणी केली. सतरा कार्डांवर उलटे हस्ताक्षर किंवा शिक्का आहे आणि त्यांतल्या एकावरही वाघ उमटलेला नाही. वरच्या त्या एका कार्डावर वाघ उमटला आहे, पण कोणतेही हस्ताक्षर उलटे उमटलेले नाही. शिवाय भिंगाखाली पाहिले असता लेखकाच्या पेनाची रेघ त्या उलट्या छापेच्या वरून गेलेली दिसते. छाप आधी आणि लेखन नंतर, हा क्रम इथे डोळ्यांनी दिसतो. हे कार्ड खऱ्या सेटऑफचे आहे आणि ते सुटे काढून ठेवले.

कागदाच्या पाठीवर दिसणारे सगळेच सेटऑफ नसते. पातळ कार्डावर पुढची छाप पाठीमागून दिसते, पण ती उजेडासमोर धरली की पुढच्या छापेशी तंतोतंत जुळते. सेटऑफची छाप क्वचितच जुळते, कारण कागद पडताना थोडा सरकतोच.

११ फेब्रुवारी

मोजमाप कुठून घ्यायचे हा प्रश्न दोन आठवडे अडवून बसला होता. पोस्टकार्डाचे ठरलेले माप १४ सेंटिमीटर बाय ९ सेंटिमीटर. मी सुरुवातीला दोषाची जागा कार्डाच्या डाव्या आणि वरच्या कडेपासून मोजत होतो. आज वीस कार्डांची चित्राची चौकट कडेपासून किती अंतरावर आहे ते मोजले, तर त्यांत एक मिलिमीटरहून अधिक फरक निघाला. मोठा कागद छापून झाल्यावर गिलोटिनवर, म्हणजे कागद कापायच्या यंत्रावर, कापला जातो आणि कापताना गठ्ठा किंचित इकडे-तिकडे झाला की कडा बदलते. छापेतील रेघांमधले अंतर मात्र बदलत नाही, कारण ते ज्या प्लेटवरून छपाई होते त्या प्लेटवरच ठरलेले असते.

म्हणून सर्व मापे आता छापेपासूनच घ्यायची. मुद्रांकाच्या, म्हणजे कार्डावरच छापलेल्या वाघाच्या तिकिटाच्या, चौकटीचा खालचा डावा कोपरा हा मूळ बिंदू धरला. स्कॅनमध्ये एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४७ बिंदू येतात, म्हणजे पट्टीपेक्षा पुष्कळ बारीक मोजता येते. आधीची सत्तर कार्डे पुन्हा मोजावी लागणार आहेत.

कडेपासून मापे घेऊन ‘छपाई सरकलेले कार्ड’ म्हणून जे विकले जाते, त्यातील बहुतेक वेळा छपाई जागेवर असते आणि कापणी सरकलेली असते. त्याला कापणीचा दोष म्हणावे. तोही जपण्यासारखा आहे, पण त्याचे नाव वेगळे हवे.

१८ फेब्रुवारी

पहिला खरा दोष हाती आला, असे वाटते.

मुद्रांकाच्या चित्राकडे सगळेच पाहतात. मी मुद्दाम पत्त्याखालच्या पिनकोडच्या सहा चौकटींपासून सुरुवात केली होती. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि त्यानंतर कार्डावर ही सहा घरे आली. सरळ, बारीक, सारख्या जाडीच्या रेघांत बिघाड चटकन नजरेत भरतो, आणि खोटा दोष तयार करणारा माणूस तिथे हात घालण्याची शक्यता कमी असते.

कराडहून एप्रिल १९८५ मध्ये आलेल्या एका कार्डावर तिसऱ्या चौकटीची उजवी उभी रेघ खाली तुटलेली आहे. तूट सुमारे ०.३ मिलिमीटरची आहे. तुटीची दोन्ही टोके बोथट आणि स्वच्छ आहेत, आणि कागदाचा पृष्ठभाग तिथे खरवडलेला नाही. या दोषाला ‘प-३’ असे नाव दिले.

अडचण अशी की ही सगळी कार्डे सांगलीच्या पत्त्यावरची आहेत आणि सांगलीचा पिनकोड ४१६४१६ आहे. तिसऱ्या चौकटीत नेहमी सहाचा आकडा येतो आणि पुष्कळ लोक त्याचा खालचा गोल नेमका उजव्या रेघेवरून फिरवतात. त्यामुळे तूट असली तरी पेनाच्या रेघेने झाकली जाते. अशा कार्डांवर भिंगातून शाईचा रंग वेगळा दिसतो आणि बॉलपेनची रेघ कागदात दबलेली असते. छापेची रेघ तशी दबलेली नसते. तरीही सुमारे तीसेक कार्डांबाबत निर्णय देता आला नाही, ती मोजणीतून बाहेर ठेवली. निम्म्याहून अधिक अडत्यांनी पिनकोड लिहिलाच नव्हता, त्यांच्या चौकटी कोऱ्या आहेत. टपाल खात्याच्या दृष्टीने ती उणीव असेल, पण या कामाला तिचाच आधार झाला.

३ मार्च

वाईच्या एका अडत्याची तीन कार्डे आज एकापाठोपाठ निघाली. तिन्हींवर ‘पोस्ट कार्ड’ या अक्षरांच्या खाली, कार्डाच्या मधल्या उभ्या रेघेजवळ, एक भरीव ठिपका आणि त्याच्याभोवती पांढरे कडे आहे. इंग्रजीत संग्राहक याला डोनट म्हणतात. मूळ बिंदूपासून मोजले तर तिन्ही ठिकाणी अंतर एकच येते. कार्डांचे शिक्के वेगवेगळ्या दिवसांचे आहेत. दोष तीन वेळा, तीन तारखांना, एकाच जागी आला, म्हणून त्याला कायम, म्हणजे प्लेटवरच असलेल्या, दोषांच्या यादीत ‘क-१’ म्हणून नोंदवले.

१० मार्च

मागची नोंद चुकीची होती, आणि ती का चुकीची होती हे समजून घेण्यात आजचा दिवस सार्थकी लागला.

सांगलीतच आयुष्यभर ऑफसेट मशीन चालवलेले एक वयस्कर मशीनमन आहेत. त्यांच्याकडे स्कॅनच्या मोठ्या प्रती घेऊन गेलो. ठिपका आणि कडे पाहताक्षणी त्यांनी “ही हिकी आहे” असे सांगितले आणि मग सावकाश उलगडून दाखवले. मशीन चालू असताना वाळलेल्या शाईची पापडी किंवा कागदाचा कण प्लेटवर अथवा तिची छाप कागदावर उतरवणाऱ्या रबरी ब्लँकेटवर चिकटतो. कण उंच असल्याने त्याच्यावर शाई बसते आणि तो भरीव ठिपका म्हणून छापला जातो. पण त्याच्या कडेला रबर कागदाला टेकत नाही, म्हणून भोवती पांढरे कडे राहते. मशीनमनच्या लक्षात आले की तो मशीन थांबवून प्लेट पुसतो आणि हिकी जाते. लक्षात येईपर्यंत मात्र शेकडो कागद त्याच हिकीसह निघून जातात.

“पण साहेब, तारखा वेगळ्या आहेत ना,” मी विचारले. त्यावर ते म्हणाले, “तारीख टपालाची आहे, छपाईची नाही. कार्ड छापलं कधी आणि टाकलं कधी, यात तुमचा तो वाईचा अडत्या बसलाय.”

पुढे त्यांनी जे सांगितले ते माझ्या सगळ्या मोजणीला लागू पडते. एका मोठ्या कागदावर कार्डांच्या अनेक जागा असतात. छापलेल्या कागदांचा गठ्ठा गिलोटिनखाली ठेवून एकदम कापतात. त्यामुळे कापून निघालेल्या प्रत्येक छोट्या चळतीत वरपासून खालपर्यंत एकाच जागेची कार्डे असतात. ती चळत तशीच कागदी पट्टी लावून बांधली आणि पोस्टाच्या खिडकीवर तशीच विकली गेली, तर पन्नास किंवा शंभर कार्डे एकदम विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला सगळी कार्डे एकाच जागेची मिळतात. शेजारच्या जागेचे एकही कार्ड त्याच्या वाट्याला येत नाही. त्या जागेवर त्या वेळी हिकी असेल, तर तो अडत्या महिनाभर रोज हिकीचेच कार्ड टाकत राहील, आणि सांगलीत बसलेल्या माणसाला वाटेल की दोष महिनाभर टिकला.

हे ऐकल्यावर घरी येऊन ती तीन कार्डे पुन्हा शेजारी ठेवली. भिंगाखाली ठिपक्याचा आकार तिन्हींवर किंचित वेगळा आहे. पहिल्यात तो गोल, तिसऱ्यात एका बाजूला झिजलेला, आणि कडे थोडे आत आलेले. चिकटलेला कण हळूहळू झिजतो तसे हे आहे.

१३ मार्च

‘क-१’ कायम दोषांच्या यादीतून काढून तात्पुरत्या दोषांत घातला. नियम पुन्हा लिहिला : दोष त्याच जागी दुसऱ्यांदा दिसला एवढे पुरेसे नाही. दुसरे कार्ड पहिल्यापासून स्वतंत्र असले पाहिजे, म्हणजे पाठवणारा वेगळा, टपालघर वेगळे आणि शक्यतो निदान सहा महिन्यांचे अंतर. या तीनपैकी दोन अटी तरी पुऱ्या झाल्याखेरीज कोणताही दोष कायम म्हणायचा नाही.

या नियमाने ‘प-३’ तरतो का, हे पाहायचे. आत्तापर्यंत प-३ ची अकरा कार्डे मिळाली आहेत. त्यांतील आठ कराडच्या एकाच अडत्याची आहेत. नव्या नियमाप्रमाणे त्या आठांचे वजन एकाच कार्डाइतके धरावे लागते. उरलेल्या तिघांचे पाठवणारे मात्र वेगळे आहेत, आणि त्यांतील एक साताऱ्याहून, डिसेंबर १९८५ चे आहे. प-३ तरला.

७ एप्रिल

हळदीचा हंगाम जोरात आहे. पेढीवर सौद्यांची गर्दी असल्याने नवा गठ्ठा मिळाला नाही. मालकांनी त्याऐवजी घरातील ट्रंकेत सापडलेली चार जुनी कार्डे दाखवली. राणी व्हिक्टोरियाच्या काळची, पाव आण्याची. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. देशातल्या देशात पाठवायचे कार्ड पाव आण्याचे होते, आणि ती कार्डे लंडनच्या डी ला रू कंपनीने छापली होती. टपालाच्या तिकिटांची छपाई नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये सुरू होईपर्यंत त्यानंतर सेहेचाळीस वर्षे गेली.

ही कार्डे या प्रकल्पाच्या मर्यादेबाहेरची आहेत, पण भिंगाखाली ठेवल्याशिवाय राहवले नाही. उठावाच्या ठशाने छापलेली रेघ कशी असते ते त्यांच्यावरून नीट शिकता येते. ठसा कागदावर दाबला जातो तेव्हा शाई रेघेच्या कडेला ढकलली जाते, म्हणून प्रत्येक रेघेला गडद किनार आणि आत थोडा फिकट भाग असतो. अशा छपाईत रेघ जाड दिसली किंवा अक्षराचे पोट भरून गेले, तर ते बहुधा शाई जास्त झाल्याने असते आणि पुढच्या कार्डावर नाहीसे होते. ठशाचा धातू तुटला असेल तर मात्र तूट प्रत्येक छापेत राहते. छपाईची रीत न ओळखता दोषाला नाव देऊ नये.

२१ एप्रिल

ओळखीच्या एका तरुण संग्राहकाने २००२ नंतरची दोन मेघदूत कार्डे आणून दाखवली. मेघदूत कार्डावर पत्त्याच्या बाजूला जाहिरात असते आणि म्हणून ते साध्या कार्डापेक्षा स्वस्त, २५ पैशांना मिळे. एका कार्डावरील रंगीत जाहिरातीत पिवळा आणि तांबडा रंग जवळजवळ नाही, सगळे चित्र निळसर आहे. हा ‘रंग गाळलेला’ दोष आहे का, असा त्याचा प्रश्न होता.

छापताना एखादा रंग खरोखरच गाळला गेला असेल, तर त्या रंगाचा एकही ठिपका कुठेच दिसणार नाही. इथे भिंगातून कोपऱ्यात फिकट तांबड्या ठिपक्यांची जाळी स्पष्ट दिसली. दुकानाच्या काचेला महिनोन्महिने चिकटवलेली पोस्टर उन्हाने निळी पडतात, कारण पिवळा आणि तांबडा आधी उडतात आणि निळा व काळा टिकून राहतात. कार्डाचे तेच झाले आहे. जाहिरातीचा जो भाग अल्बमच्या पट्टीखाली झाकला गेला होता, तिथे मूळ रंग शाबूत होते. त्याने ते कार्ड किंमत देऊन घेतले होते, याचे वाईट वाटले. दुसऱ्या कार्डावर रंग एकमेकांवरून केसभर सरकले आहेत. रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणे, इतपत हुकणे नेहमीचेच आहे, त्याला वेगळे नाव देण्याची गरज नाही.

५ मे

एक विक्रेता वाघाची छाप मुळीच नसलेले १५ पैशांचे कार्ड विकू पाहत आहे. बाकी सगळी छपाई आहे, फक्त मुद्रांक कोरा. स्कॅन पाहून काहीच सांगता येत नव्हते, म्हणून कार्ड प्रत्यक्ष पाहण्याची विनंती केली. दिवा कार्डाच्या पातळीला, बाजूने धरला तेव्हा मुद्रांकाच्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसले आणि तेवढाच चौकोन कार्डाच्या इतर भागापेक्षा खरखरीत होता. छाप खोडलेली आहे. कार्ड परत केले.

हा प्रसंग इथे लिहिण्याचे कारण एवढेच की ‘नसलेली’ छाप सिद्ध करणे ‘असलेल्या’ दोषापेक्षा अवघड आहे, आणि त्याची तपासणी वरून येणाऱ्या उजेडात कधीही करू नये.

१९ मे

सर्व कोरडी कार्डे तपासून झाली. प-३ ची एकूण कार्डे ४१ निघाली, ती सात पाठवणाऱ्यांची आहेत. त्यांना तारखेच्या क्रमाने लावल्यावर जे दिसले ते अपेक्षेपेक्षा पुष्कळ मोलाचे आहे.

तूट एकाच मापाची नाही. काही कार्डांवर ती ०.३ मिलिमीटर आहे, काहींवर ०.६, आणि काहींवर ०.९ असून चौकटीचा खालचा उजवा कोपराही गेलेला आहे. मधली मापे नाहीत. म्हणजे या तीन अवस्था आहेत, आणि प्रत्येक अवस्था छपाईच्या एकेका फेरीशी जोडलेली असावी, कारण एका चळतीतील कार्डे एकाच अवस्थेत सापडतात. पहिल्या अवस्थेचा सर्वांत जुना शिक्का मार्च १९८५ चा, दुसरीचा ऑगस्ट १९८५ चा, तिसरीचा जानेवारी १९८६ चा. बारीक रेघ प्लेटवर झिजत जाते तशी तूट वाढली आहे.

एक कार्ड या क्रमात बसेना. पहिल्या अवस्थेचे, पण शिक्का नोव्हेंबर १९८६ चा. दोन दिवस त्यावर विचार केला. शेवटी मशीनमन काकांचेच वाक्य आठवले. शिक्क्याची तारीख एवढेच सांगते की कार्ड त्या दिवसाच्या आधी छापलेले आहे, किती आधी ते सांगत नाही. हा पाठवणारा वर्षातून तीन-चारच कार्डे टाकणारा आहे आणि त्याने जुनी चळत पुरवून वापरली. म्हणून प्रत्येक अवस्थेसाठी फक्त सर्वांत जुना शिक्का ग्राह्य धरायचा. उशिराच्या शिक्क्यांना त्या कामात काहीच किंमत नाही, ती कितीही असोत.

९ जून

आज कार्डे गावांप्रमाणे मांडली. प-३ सांगली, कराड, सातारा, वाई या पट्ट्यातून टाकलेल्या कार्डांवरच सापडतो. इरोड, सेलम, दुग्गिराळा इथून आलेल्या साडेचारशेच्या वर कार्डांवर तो एकदाही नाही. याचा एक सरळ अर्थ संभवतो. हैदराबादची सिक्युरिटी प्रिंटिंग प्रेस १९८२ मध्ये दक्षिणेकडील राज्यांना टपालाची छापील सामग्री पुरवण्यासाठी सुरू झाली. तिकडची कार्डे एका छापखान्यातून आणि आपल्याकडची दुसऱ्यातून आली असतील, तर एकाच्या प्लेटवरील दोष दुसऱ्याच्या कार्डावर येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या मांडणीला एक अपवाद आहे आणि तो मला सतावतो आहे. निजामाबादचा शिक्का असलेल्या एका कार्डावर प-३ ची दुसरी अवस्था अगदी स्पष्ट आहे. शिक्का सप्टेंबर १९८५ चा. माप ०.६ मिलिमीटर, टोके स्वच्छ, मूळ बिंदूपासूनचे अंतर जुळते. निजामाबादची बाकी शहाण्णव कार्डे निर्दोष आहेत.

२३ जून

पावसाला सुरुवात झाली. हवेतील ओलीने कार्डे वाकत आहेत आणि मापे बदलू लागली आहेत. कागद ओल शोषतो तेव्हा तो तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो, त्यामुळे लांबीचे आणि रुंदीचे माप सारख्या प्रमाणात वाढत नाही. नवे मोजमाप थांबवले. जी कार्डे बाहेर होती ती सुकी ठेवण्यासाठी बंद डब्यात घातली.

१४ जुलै

मोजणे बंद असल्याने निजामाबादचे ते कार्ड नुसतेच पुन्हा पुन्हा पाहत होतो. सहा महिने मी या कार्डांचा मजकूर वाचला नव्हता. तो खासगी व्यवहार आहे म्हणून, आणि खरे सांगायचे तर छपाई सोडून दुसरीकडे नजर जाऊ नये म्हणूनही. आज मालकांना फोन करून त्या एका कार्डापुरती वाचण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, वाचा की, चाळीस वर्षांपूर्वीचा भाव वाचून आता कोणाचं काय जाणार.

कार्ड मराठीत आहे. इतर निजामाबादची कार्डे हिंदीत किंवा तेलुगूत आहेत, हे मला आत्तापर्यंत जाणवलेच नव्हते. लिहिणारा पेढीचाच दिवाणजी आहे. खरेदीसाठी तो तिकडे गेला होता. माल पाहिला, पोती किती, भाव काय, एवढे लिहून झाल्यावर शेवटी त्याने दोन ओळी घातल्या आहेत, त्यांचा आशय असा की निघताना बरोबर आणलेली कार्डे संपत आली असून आणखी चार दिवस मुक्काम वाढला तर इथूनच घ्यावी लागतील.

निजामाबादच्या त्या कार्डापुढील रकान्यात ‘टपालघर : निजामाबाद, कार्डाची खरेदी : सांगली’ अशी दुरुस्ती केली. मालकांनी त्या दिवाणजींची उरलेली कार्डे वेगळी काढून द्यायचे कबूल केले आहे. त्याच मुक्कामातील पुढच्या कार्डांवर प-३ नाहीसा होतो का, ते पावसाळा सरल्यावर पाहायचे.